डॉक्टर व्हायचंय? चला, आधी कॉलेज बघू!

बारावी, नीट, एमबीबीएस... आपला रूट सरळ. अमेरिकेत मात्र डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं भलतंच काहीतरी शिकावं लागतं. ते कुठे शिकायचं हे ठरवायला दोन मुली, एक आई आणि एक मावशी गाडी घेऊन निघाल्या. न्यू जर्सी ते बाल्टिमोर, तीन दिवस, तीन कॉलेजं!

अमेरिकेतला ऑक्टोबर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक म्हणजे झाडांवरचे लाल-पिवळे रंग. आणि दुसरी म्हणजे कॉलेज टूर! बारावीतली मुलं आई-बाबांना घेऊन गावोगावची कॉलेजं बघत फिरतात. आपल्याकडे स्थळं बघायला जातात ना, डिट्टो तसंच. फक्त कांदेपोहे मिळत नाहीत. त्याऐवजी एक उत्साही स्टुडंट गाइड मिळतो. तो तासभर उलटा चालत, आपल्याकडे तोंड करून, अजिबात न अडखळता कॉलेजचं कौतुक सांगतो. पायऱ्या आल्या तरी!

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये मी न्यू जर्सीतल्या एडिसनला होते, माझ्या मावसबहिणीकडे. एडिसन म्हणजे ओक ट्री रोड. साडीची दुकानं, सोन्याची दुकानं, चाट, मिठाई... गाड्या उजव्या बाजूनं चालतात म्हणून अमेरिका म्हणायचं, इतकंच. ताईची मुलगी सतरा वर्षांची, जन्म तिथलाच. तिची खास मैत्रीण पुण्याच्या औंधची, चार वर्षांची असताना आई-बाबांबरोबर आलेली. दोघी एकाच शाळेत, एकाच सायन्स क्लबात. मार्कांमध्ये उन्नीस-बीस. आणि दोघींनाही डॉक्टर व्हायचंय. दोघींचे पासपोर्टही निळेच. पण एकावर गरुड आहे आणि दुसऱ्यावर अशोकस्तंभ. या फरकाची किंमत किती, ते पुढे कळेलच.

“मावशी, तू पत्रकार आहेस ना? मग तू प्रश्न विचार. आई विचारायला लागली की मला लपावंसं वाटतं,” भाचीनं फर्मान सोडलं. झालं! माझं तिकीट पक्कं.

मुळात भानगड काय?

आपल्याकडे सतराव्या-अठराव्या वर्षी ठरतं. नीट निघाली की पोरगं डॉक्टर, नाही निघाली तर रिपीट. अमेरिकेत मेडिकल स्कूलमध्ये जायच्या आधी साधारणपणे चार वर्षांची पदवी लागते. कशातलीही! बायॉलॉजी घ्या, इतिहास घ्या, संगीत घ्या. फक्त त्याबरोबर काही ठरावीक विषय करायचे. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्रजी, थोडं गणित नाहीतर स्टॅटिस्टिक्स. बरेचसे लॅबसकट. या सगळ्याला मिळून म्हणतात ‘प्री-मेड’. म्हणजे प्री-मेड हा बहुतेक ठिकाणी कोर्स नाही, डिग्रीही नाही. ती विषयांची यादी आहे.

मग एमकॅट नावाची परीक्षा. ब्रेक धरून साडेसात तासांची! मार्क ४७२ ते ५२८च्या मध्ये. शिवाय जीपीए, म्हणजे चार वर्षांच्या ग्रेड्सची चारपैकी सरासरी. शिवाय हॉस्पिटलात केलेलं काम, रिसर्च आणि प्रोफेसरांची शिफारसपत्रं. २०२३ साली तिथल्या एमडी कॉलेजांसाठी सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले. प्रवेश मिळाला सुमारे २३ हजारांना. आणि हे अर्जापर्यंत टिकलेले! पहिल्या वर्षी ‘मी प्री-मेड’ म्हणत आलेली कितीतरी मुलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या आसपास गळतात. तिथे या विषयाचं लाडाचं नाव ‘ऑर्गो’. आपल्याकडे एम-थ्रीचं नाव काढल्यावर इंजिनीअर जसे गप्प होतात ना, तसे तिथले प्री-मेडवाले ऑर्गोच्या नावानं होतात.

आता खरा पेच. जीपीए चांगला हवा, तर सोपं कॉलेज बघायचं की नाववालं? नाव मोठं, तर फीही मोठी. मेडिकल स्कूलचं कर्ज पुढे आहेच. हे ठरवायचं कुणी? सतरा वर्षांच्या मुलीनं, तेही १ नोव्हेंबरच्या आत!

पहिला मुक्काम : बसमधलं विद्यापीठ

रटगर्स. न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, १७६६ सालचं. एडिसनहून गाडीनं वीस मिनिटं. इतकं जवळ की भाचीला ते ‘बघण्यासारखं’ वाटतच नव्हतं. डोंबिवलीच्या मुलाला पेंढरकर कॉलेज दाखवायला नेल्यासारखं.

न्यू ब्रन्सविक स्टेशनच्या बाजूला जॉन्सन अँड जॉन्सनचं हेडक्वार्टर. जवळच मोठं हॉस्पिटल. रॅरिटन नदी ओलांडली की बुश कॅम्पस. लॅब्ज, इंजिनीअरिंग आणि चक्क एक मेडिकल स्कूलही. विद्यापीठ नदीच्या दोन्ही काठांवर पसरलंय आणि या सगळ्याला जोडतात त्या बसेस. इथली मुलं म्हणे निम्मं कॉलेज बसमध्येच करतात. आम्हीही चढलो. गर्दी, पाठीवर सॅक, कानात इअरफोन, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फ्लॅशकार्डं. मला एकदम आपली ८:१४ची फास्ट आठवली. फक्त इथे ढकलल्यावर सॉरी म्हणतात.

गाइड मुलगी स्वतः प्री-मेड. मी विचारलं, “पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या वर्गात किती जणं?” ती हसली. म्हणाली, तीनशे-चारशे असतील, मोजले नाहीत. “मग प्रोफेसर तुला नावानं ओळखतात?” त्यासाठी आपणच जाऊन ओळख करून घ्यायची, ती म्हणाली. ऑफिस अवर्सला जायचं, रोज पहिल्या बाकावर बसायचं, लॅबमध्ये काम मागायचं. मागितल्याशिवाय इथे काही मिळत नाही, पण मागितलं तर जवळजवळ सगळं मिळतं. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं.

मागणाऱ्याला इथे काय मिळू शकतं, याची एक मोठी गोष्ट कुक कॅम्पसवर आहे. कुक म्हणजे शेतकी कॉलेजचा भाग. गाईगुरं, हरितगृहं, मोकळी शेतं. तिथल्या मार्टिन हॉल नावाच्या इमारतीत १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. टीबीवरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक! आणि ते सापडलं मातीतल्या जंतूंमध्ये. शोधणारा अल्बर्ट शॅट्झ तेव्हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. रटगर्सचाच पदवीधर, विषय मातीचा अभ्यास. त्याचे प्रोफेसर सेलमन वॅक्समन यांना १९५२ साली नोबेल मिळालं, शॅट्झला मिळालं नाही. त्यावरून कोर्टकचेरीही झाली होती. ते असो. औषधांच्या दुनियेतला इतका मोठा शोध एका शेतकी कॉलेजात लागला, हे ऐकून भाची पहिल्यांदा गंभीर झाली. “म्हणजे इथे बोअर होणार नाही,” ती म्हणाली. सतराव्या वर्षी ही मोठीच पावती!

आणि फी? न्यू जर्सीच्या रहिवाशांना वर्षाला साधारण १८-१९ हजार डॉलर. राहणं-खाणं धरलं की साधारण दुप्पट. ताईनं मोबाइलवर आकडेमोड केली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा निवांत कॉफी प्यायली.

फिलाडेल्फिया : आनंदीबाईंचं गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलाडेल्फिया. अमेरिकेतली सगळ्यात जुनी मेडिकल स्कूल याच गावातली, १७६५ सालची. त्या काळी लेक्चरची चक्क तिकिटं विकत घ्यायची असत. प्रोफेसरला पैसे द्या, तिकीट घ्या, आत बसा. पदवी वगैरे आधी कशाला?

आणि अर्थातच, हे आनंदीबाई जोशींचं गाव. त्या १८८३ साली अमेरिकेत आल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना घर दिलं. हे रोझेल ताईच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे आणि ती तिथून ऑफिसला जाते! नंतर आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या. ११ मार्च १८८६ला एमडी झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या कॉलेजची पुढे नावं बदलली, विलीनीकरणं झाली आणि आज त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. आनंदीबाईंचा तो प्रसिद्ध फोटो आठवतोय? नऊवारीतल्या त्या, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली. १८८५चा तो फोटो ड्रेक्सेलच्या संग्रहातच आहे.

मी मुलींना विचारलं, “आनंदीबाईंनी प्री-मेड कुठून केलं असेल?” दोघी विचारात पडल्या. उत्तर असं, की कुठूनच नाही! बी.ए. नाही, बी.एस्सी. नाही. घरी नवऱ्यानं शिकवलेलं आणि थोडीफार शाळा, एवढ्या शिदोरीवर त्या थेट मेडिकलला गेल्या. म्हणजे वयाचा विचार केला तर रूट जवळजवळ आपल्या बारावीवाल्यांचा. आज आल्या असत्या तर आधी चार वर्षं कॉलेज करा म्हणून परत पाठवलं असतं.

भाचीच्या मैत्रिणीनं विचारलं, “त्या गेल्या कशानं?” टीबीनं. १८८७च्या फेब्रुवारीत, पुण्यात, बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत. गाडीत क्षणभर सगळ्या गप्प. मग तीच म्हणाली, “म्हणजे कालच्या त्या मातीतल्या औषधाच्या छप्पन्न वर्षं आधी.” हिशोब पक्का आहे पोरीचा.

ब्रिन मॉर : मार्कांबद्दल बोलायचं नाही!

फिलाडेल्फियाच्या बाहेर लोकलनं वीस-पंचवीस मिनिटांवर ब्रिन मॉर. दगडी इमारती, कमानी, वेली. हॅरी पॉटरच्या शूटिंगला सेट लावायची गरज नाही! मुलींचं कॉलेज, १८८५ सालचं. पदवीला शिकणाऱ्या मुली मिळून दीड हजारसुद्धा नाहीत. आमच्या रुईयाच्या कट्ट्यावर यापेक्षा जास्त पब्लिक असायचं.

इथे वर्ग छोटे. प्रोफेसर नावानं ओळखतात आणि तुम्ही लेक्चरला नाही आलात तर तेही ओळखतात. शिफारसपत्र लिहायची वेळ येते तेव्हा ही गोष्ट सोन्याची. तीनशेतला ‘ए’ मिळवलेला रोल नंबर आणि पंधरातली ओळखीची मुलगी, पत्र कुणाचं चांगलं होणार?

पण मला सगळ्यात आवडला तो इथला एक संकेत. एकमेकींच्या ग्रेड्स विचारायच्या नाहीत, स्वतःच्या सांगायच्या नाहीत. मुलींनी स्वतः पाळायच्या नियमावलीचाच तो भाग. “तुला किती पडले?” हा प्रश्नच बाद! विचार करा, आपल्या बिल्डिंगमध्ये हा नियम लागू केला तर निम्म्या काकू बोलायच्या बंद होतील.

आणखी एक गोष्ट. इथे १९७२पासून एक खास कार्यक्रम चालतो. पदवी झाली, नोकरीही लागली आणि मग सव्विसाव्या वर्षी वाटलं, अरे, आपल्याला तर डॉक्टर व्हायचं होतं! अशांसाठी प्री-मेडचे सगळे विषय पदवीनंतर शिकवतात. इथे, आणि अमेरिकेतल्या इतर बऱ्याच ठिकाणीही. क्युबिकलमध्ये बसून हे वाचणाऱ्या मंडळींनो, ऐकताय ना? आजकाल तिथे मेडिकल स्कूलमध्ये जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण कॉलेजनंतर एखादं तरी वर्ष बाहेर काढून येतात. कुणी ॲम्ब्युलन्सवर काम करतं, कुणी लॅबमध्ये. सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय म्हणजे दगडावरची रेघ नाही. ताईला हे दोनदा सांगावं लागलं.

मात्र फी राहण्या-खाण्यासकट वर्षाला ८५ हजार डॉलरच्या पुढे. छापील किंमत ही! मदत मिळाली तर खूपच कमी होते, नाही मिळाली तर नाही. ताईनं मोबाइल पर्समध्ये ठेवला.

टक्केवारीची जादू

वाटेत एका थांब्यावर बटाट्याचे चिप्स खाताना (त्यावर ‘ओल्ड बे’ नावाचा मसाला, मेरीलँड जवळ आल्याची खूण) भाचीनं एक ब्रोशर काढलं. दुसऱ्याच एका कॉलेजचं, नाव नको. ‘आमच्या ९० टक्के विद्यार्थ्यांना मेडिकल प्रवेश!’ ठळक अक्षरात. वाचून ताईचे डोळे चमकले. आपल्याकडच्या क्लासेसच्या होर्डिंगवर टॉपर्सचे फोटो बघून चमकतात तसे.

पण नव्वद टक्के, कशाचे? काही कॉलेजांमध्ये अर्जाआधी एक कमिटी बसते. ती विद्यार्थ्यासाठी कॉलेजच्या वतीनं पत्र लिहिते. आणि ज्यांचे मार्क कमी, त्यांना काही ठिकाणी पत्रच मिळत नाही किंवा ‘यंदा थांब’ असा सल्ला मिळतो. शंभरांनी सुरुवात केली, साठ मध्येच गळले, वीस जणांना थांबवलं, वीस जणांनी अर्ज केला आणि अठरा लागले. झाले की नव्वद टक्के! आकडा खरा, जाहिरातही खरी. फक्त बाकीचे ऐंशी होर्डिंगवर दिसत नाहीत. म्हणून विचारायचा प्रश्न असा : पहिल्या वर्षी किती जणं प्री-मेड म्हणून आली होती आणि त्यातली किती जणं अर्जापर्यंत पोचली?

आणि जी पोचली नाहीत, ती आता काय करतायत?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटायला लागला. कारण कॉलेज निवडताना सगळे विचार करतात तो डॉक्टर होणाऱ्या मुलीचा. न होणाऱ्या मुलीचा कुणी करतच नाही. आणि या दोन मुली एकच असू शकतात.

बाल्टिमोर : जिथून हे सगळं सुरू झालं

जॉन्स हॉपकिन्स. नुसतं नाव घेतलं तरी प्री-मेडवाले सावरून बसतात. पदवीचा कॅम्पस होमवूडला. लाल विटा, पांढरे खांब, चार्ल्स स्ट्रीटच्या कडेला हिरवळीचा उतार. त्या हिरवळीला ‘बीच’ म्हणतात, वाळू-समुद्र काही नसताना! हॉस्पिटल आणि मेडिकल स्कूल शहराच्या पूर्वेला. दोन्हींमध्ये शटल बस. अनेक मुलं सकाळी वर्ग आणि दुपारी तिकडच्या लॅबमध्ये रिसर्च असा दिवस काढतात. ही सोय भारीच. पण इथे पदवी घेतली म्हणून इथल्याच मेडिकलला प्रवेश, असं समजू नका. रांग सगळ्यांना तीच.

‘आधी पदवी, मग मेडिकल’ या नियमाची गोष्टही इथलीच. विद्यापीठाचा बराच पैसा रेल्वेच्या शेअर्समध्ये अडकला होता. शेअर्स पडले. हॉस्पिटल १८८९ला उभं राहिलं, पण मेडिकल स्कूलला पैसा नाही. तेव्हा बाल्टिमोरच्या काही बायकांनी निधी जमवला. त्यातली मेरी गॅरेट म्हणजे रेल्वेच्या माजी अध्यक्षांचीच मुलगी. तिनं एकटीनं तीन लाखांहून जास्त डॉलर दिले आणि अटी घातल्या. मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश. आणि येणाऱ्याकडे आधीची पदवी आणि विज्ञानाची तयारी हवी. मंडळी कुरकुरली, पण पैसे तिच्याकडे! १८९३ला पहिला वर्ग भरला. अठरा विद्यार्थी, त्यात तीन मुली. तिच्याबरोबर झटणारी कॅरी थॉमस कोण? आपण काल पाहिलेल्या ब्रिन मॉरची डीन!

पुढे १९१०मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यानं अमेरिका-कॅनडातल्या १५५ मेडिकल स्कूल्सची पाहणी करून झणझणीत अहवाल लिहिला. तो स्वतः हॉपकिन्सचाच पदवीधर, मापदंडही हॉपकिन्सचाच. भोंगळ कॉलेजं बंद पडली, दर्जा वाढला. पण खर्च आणि वर्षंही वाढली. गरीब घरातल्या मुलांची वाट अरुंद झाली आणि कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल स्कूल्सपैकी पाच बंद झाल्या.

अरुंद म्हणजे किती? हॉपकिन्सच्याच एका इमारतीत व्हिव्हियन थॉमस यांचं चित्र लावलंय. सुतारकाम करून त्यांनी कॉलेज आणि मेडिकलसाठी पैसे साठवले होते. १९३०च्या मंदीत बँक बुडाली, पैसे गेले, कॉलेज राहिलं. ते डॉ. ब्लेलॉक यांच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले. १९४४मध्ये निळ्या पडणाऱ्या बाळांवरची हृदयाची पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभे राहून पुढची पायरी सांगत होते. कारण प्राण्यांवर ती शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली होती. त्यांनी पुढे कितीतरी सर्जन घडवले. १९७६मध्ये विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. एमडी मात्र ते कधीच झाले नाहीत.

आता इथे पैशाचं चित्र बरंच बदललंय. माजी विद्यार्थी मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी १८० कोटी डॉलर दिले. २०२४मध्ये आणखी १०० कोटी. त्यातून वर्षाला तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांची मेडिकलची ट्युशन फी माफ झाली. पण अशी मेडिकल स्कूल्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी ठिकाणी कर्ज. कर्ज काढून डॉक्टर झालेल्याच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर असतात. आणि २०२५च्या कायद्यानं तिथल्या सरकारी कर्जाला मर्यादा घातली. १ जुलै २०२६पासून मेडिकलच्या नव्या कर्जदारांना वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलर. वरची रक्कम खासगी बँकेकडून, नाहीतर बाबांकडून! मग पदवीच्या चार वर्षांतच घरची पुंजी संपवायची का?

एका गाडीत दोन पासपोर्ट

परतीच्या वाटेवर भाचीच्या मैत्रिणीनं स्वतःची वही उघडली. तिचा प्रश्न पूर्ण वेगळा होता.

तिच्या बाबांचा एच-वन-बी, तिचा त्यांच्यावर अवलंबून असलेला एच-फोर. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी इतकी लांब की आपला नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. आणि एकविसाव्या वाढदिवसाला ती आई-बाबांच्या व्हिसावरून खाली उतरणार. मग तिला स्वतःचा स्टुडंट व्हिसा लागेल. चौथ्या वर्षापासून जिथे वाढली, त्या देशात परदेशी विद्यार्थिनी म्हणून! सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. तिला नाही. देशात दीडशेहून जास्त एमडी स्कूल्स आहेत, त्यातल्या बऱ्याचशा परदेशी नागरिकांना घेतच नाहीत. घेतात त्यांतल्या काही म्हणतात, फीचे पैसे आधी भरून ठेवा.

“हिला एक जागा नाही मिळाली तर दुसरी मिळेल,” ती भाचीकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली. “मला दुसरी असेलच असं नाही. म्हणून मी असं कॉलेज बघतेय, जिथून मी डॉक्टर नाही झाले तरी माझं काहीतरी होईल.”

तिनं तीन रकाने आखले होते. परदेशी नागरिकांनाही स्वतःच्या खिशातून मदत देणारी कॉलेजं. त्यातली जिथे स्टॅटिस्टिक्स चांगलं आहे ती. आणि तिथून मेडिकलला गेलेली मुलं. स्टॅटिस्टिक्स का? कारण त्या पदवीवर नोकरी मिळते, व्हिसाच्या हिशोबात ती विज्ञानात धरतात म्हणून थोडी जास्त वर्षं काम करता येतं आणि मेडिकल स्कूलला तर कुठलाच विषय वर्ज्य नाही. स्वप्न सोडलेलं नाही, फक्त त्याच्याखाली जाळी लावलीय. सतरा वर्षांची मुलगी, सांगा! ऑनसाइटचं पोस्टिंग घेऊन लेकरांसह निघालेल्या आपल्या मित्रमैत्रिणींनी ही वही एकदा बघायला हवी.

मग ठरलं काय?

घरी आल्यावर दोन रात्री खल झाला. ताईचं मत हॉपकिन्स. जिजाजींचं मत ‘तुला पाहिजे ते, पण फी बघ.’ भाचीनं हॉपकिन्सला बाइंडिंग अर्ज करायचा नाही, असं ठरवलं. बाइंडिंग म्हणजे मिळालं तर जायलाच हवं. ताईच्या घराचं उत्पन्न असं की मदत फारशी मिळणार नाही आणि भरायला गेलं तर घरावर दुसरं कर्ज. तिनं रटगर्स वर ठेवलं आणि चार-पाच इतर. कारण विचारलं तर म्हणाली, “पहिल्या बाकावर बसणं मला जमतं. कर्ज नाही जमणार.”

मैत्रिणीची यादी लांब. त्यात ब्रिन मॉर आहे, आणखी आठ-नऊ छोटी कॉलेजं आहेत. पहिला अर्ज १ नोव्हेंबरच्या रात्री अकरा वाजता गेला. ओक ट्री रोडवरून आणलेल्या जिलब्या होत्याच.

---

चेकलिस्ट : टूरवर हे नक्की विचारा

● पहिल्या वर्षी प्री-मेड किती? शेवटी अर्ज किती? नुसती टक्केवारी ऐकून माना डोलावू नका.

● कमिटी लेटर मिळतं का? सगळ्यांना की निवडकांना?

● ऑर्गोच्या वर्गात किती मुलं? मदतीला कोण असतं?

● जवळ हॉस्पिटल आहे का आणि तिथे पदवीच्या मुलांना शिरकाव आहे का?

● राज्याच्या सरकारी मेडिकल स्कूल्स बहुधा आपल्याच रहिवाशांना झुकतं माप देतात. आपला पत्ता कुठला, हेही गणितात धरा.

● खर्च चार वर्षांचा नाही, आठ वर्षांचा मोजा.

● पासपोर्ट भारताचा असेल तर पहिला प्रश्न मदतीचा, दुसरा मेडिकल स्कूल्सच्या नियमांचा. कॅम्पस किती सुंदर आहे, हा दहावा.

● आणि मुलीला एकटीला विचारा : डॉक्टर नाही झालीस, तर या कॉलेजात चार वर्षं राहायला आवडेल का? उत्तर ‘हो’ असेल, तरच पुढच्या पानावरचा फॉर्म भरा.